४८० फुटांचं बोअर, झरा बारीक: ५ एचपी टाकू की २ एचपी?

पूर्व_सिन्नर

राम राम मंडळी. सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात नवीन बोअर घेतलंय, मोटार अजून सोडलेली नाही. माहिती सगळी देतो, म्हणजे परत विचारायला नको.

व्यास साडेसहा इंच, खोली ४८० फूट, केसिंग (बोअरची भिंत ढासळू नये म्हणून आत घातलेला पाइप) वरचे ४० फूट. तेवढ्यात मुरूम आणि मांजऱ्या (मऊ, झिजलेला दगड), त्याखाली काळा पाषाण. २१० ते २१८ लाल मातीचा थर. १६५ ला नुसती ओल, २९० ला मुख्य झरा, ३०० च्या खाली कोरडा काळा दगड. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याने "दीड इंच पाणी" सांगितलं. मे महिन्यात उभं पाणी (उपसा नसतानाची पातळी) १५० फुटांवर आहे.

पाणी १० हजार लिटरच्या टाकीत न्यायचंय. टाकीचा काठ बोअरच्या तोंडापेक्षा २५ फूट वर, अंतर ६० मीटर. शेतीची थ्री फेज लाईट आठ तास. एक एकर डाळिंब आणि घरचं पाणी. दुकानदार म्हणतो बोअर खोल आहे, ५ एचपीच टाका. काय करू?

पाणीमोजणी

दादा, आधी "दीड इंच" म्हणजे किती ते बघा. बरेच जण समजतात दीड इंची पाइप भरून पाणी. तसं नाही. गाडीवाला ९० अंशाच्या व्ही खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजतो. त्या खाचेतून १ इंचाला तासाला साधारण ५०० लिटर, दीड इंचाला १४००, २ इंचाला २९००, ३ इंचाला ८००० च्या आसपास पाणी जातं. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं. म्हणून अर्ध्या इंचाची चूकसुद्धा फार मोठी चूक असते.

शिवाय तो आकडा गाडीचा कॉम्प्रेसर चालू असतानाचा. बोअरमध्ये साठलेलं पाणीही त्यातच उडत असतं. रोज टिकणारं पाणी त्यापेक्षा बरंच कमी निघू शकतं, त्यामुळे त्या आकड्यावर मोटार घेऊ नका. मोजणी करा:

१. दीड-दोन एचपीची मोटार भाड्याने आणून ४४० फुटांवर सोडा. सोबत अर्धा-पाऊण इंची पीव्हीसी पाइप खालपर्यंत सोडा, पातळी मोजायची तार त्यातून जाईल. नुसती तार सोडली तर ती कॉलम पाइपाला (मोटारीपासून पाणी वर आणणारा पाइप) गुंडाळते.
२. दोन पदरी वायरची टोकं उघडी करा, प्रत्येक १० फुटांवर खूण करा, वरच्या बाजूला मल्टिमीटर लावा. टोक पाण्याला टेकलं की काटा हलतो.
३. पाणी तुटेपर्यंत, म्हणजे पंपाला ओढायला पाणी उरत नाही तोवर, उपसा करा. मोटार बंद करून लगेच पातळी घ्या आणि पुढे दर १० मिनिटांनी किमान ३ तास नोंदवत राहा.

साडेसहा इंची बोअरमध्ये १ फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं. म्हणून किती मिनिटांत किती फूट चढलं यावरून झऱ्याचा खरा आकडा कळतो. मोजणी आत्ता, मे महिन्यातच करा. श्रावणात मोजलं तर फसगत होईल.

पूर्व_सिन्नर

मोजणी झाली. पाणी ४३० फुटांवर तुटलं. मोटार बंद केल्यावर दर १० मिनिटांना साधारण १० फूट चढत होतं. सव्वादोन-अडीच तासांत २९० पर्यंत आलं. त्यापुढे १० मिनिटांना ६ फूट, मग ४, मग आणखी कमी. सकाळी परत १५० ला होतं.

पाणीमोजणी

छान मोजलंत. १० मिनिटांत १० फूट म्हणजे ६५ लिटर, तासाला ३९०. आपण ४०० धरू. म्हणजे दीड इंच सोडाच, तुमचं पाणी १ इंचापेक्षाही थोडं कमी आहे.

२९० नंतर वेग का पडला तेही लक्षात घ्या. पाणी झऱ्याच्या खाली असतं तेव्हा झरा मोकळा पडतो, पूर्ण जोराने येतो. पातळी झऱ्याच्या वर गेली की वरच्या पाण्याचा दाब झऱ्याला मागे रेटतो. पातळी २९० च्या कितीही खाली नेली तरी तासाला ४०० च्या वर पाणी मिळणार नाही. खाली मिळतो तो फक्त साठा.

आता आठ तासांचा हिशोब. लाईट येते तेव्हा बोअर १५० पर्यंत भरलेलं असतं. १५० ते ४३० म्हणजे २८० फूट, गुणिले साडेसहा, १८२० लिटर साठा. त्यात आठ तासांचे ३२०० मिळवा. दिवसाला ५००० लिटर, तेही अगदी वरच्या बाजूने. उरलेल्या १६ तासांत बोअर एकदा भरलं की झरा थांबतो, ते पाणी जमिनीतच राहतं. मोटार कोणतीही टाका, ५००० च्या वर पाणी निघणार नाही.

बोअर_फिटर

वरचा हिशोब पुढे नेतो. ५ एचपीची मोटार एवढ्या हेडला (पाणी जेवढं वर चढवायचं ती उंची, अधिक पाइपातलं घर्षण) तासाला साडेचार हजार लिटरच्या आसपास ओढेल. झऱ्याचे ४०० वजा केले तर १८२० लिटरचा साठा पाऊण तासही टिकत नाही, २७ मिनिटांत पाणी तुटतं. नंतर अर्धा तास थांबलात तर २०० लिटर जमतात आणि ती मोटार ते ३ मिनिटांत संपवते. आठ तासांत दहा-पंधरा वेळा चालू-बंद होते. प्रत्येक चालू होण्याला वाइंडिंगमधून सहा पट करंट जातो, थ्रस्ट बेअरिंगला (पंपाचा रेटा झेलणारं बेअरिंग) धक्का बसतो, कॉलम पाइपाला पीळ बसतो. मोटार जळते ती बहुतेक अशीच.

तासाला १२०० लिटरची मोटार घेतली तर पहिला उपसा सव्वादोन तास चालतो, पुढे अर्ध्या तासाच्या विश्रांतीवर १५ मिनिटं. पाणी तेवढंच मिळतं आणि मोटार निवांत राहते.

हेड असं काढा. पाणी तुटायच्या वेळची पातळी ४३० फूट म्हणजे १३१ मीटर. उभं पाणी १५० ला आहे म्हणून ४६ मीटर धरणारे भेटतील, ते चूक. वर टाकी २५ फूट, ८ मीटर. सव्वा इंची कॉलम पाइपात एवढ्या कमी पाण्याला घर्षण मीटर-दीड मीटर, पुढचे ६० मीटर आणि बेंड-व्हॉल्व्ह मिळून दीड-दोन. एकूण १४२-१४३ मीटर. कॅटलॉगच्या तक्त्यात १४५ मीटरला १२०० लिटर देणारा ४ इंची पंप शोधा. तो २ एचपीतच बसतो. एका स्टेजला (पंपातला एक इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक) ५ ते ७ मीटर हेड धरलं तर स्टेज एकवीस ते एकोणतीसच्या दरम्यान येतील.

दुकानात "जास्तीत जास्त हेड २०० मीटर" असं दाखवतील. ते शून्य पाण्याचं हेड असतं, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतानाचं. तक्त्यातली मधली ओळ बघा. पंपावर आयएस ८०३४ आणि मोटारीवर आयएस ९२८३ छापलेलं आहे का तेही बघा.

देवळा_डाळिंब

४४० ला कशाला सोडायची? मुख्य झरा २९० ला आहे. ३४० ला सोडली तर झरा तेवढाच येणार. १० कॉलम पाइप वाचतात, शंभर फूट केबल वाचते, ३० मीटर हेड कमी होतं, दीड एचपीत काम होईल.

बोअर_फिटर

भाऊ, मुद्दा बरोबर आहे, पण लाईट चोवीस तास असती तरच. लाईट आठ तास असल्यामुळे साठ्याला किंमत येते. ३३० पर्यंत उपसा म्हणजे ११७० लिटर, ४३० पर्यंत म्हणजे १८२०. फरक रोजचा ६५० लिटर. उन्हाळ्यात एक एकर डाळिंबाला हे पाणी सोडवत नाही. घराची सिंगल फेज दिवसभर आहे आणि फक्त घरापुरतं पाणी हवंय, अशा ठिकाणी मात्र मीसुद्धा ३४० लाच सोडीन.

४८० पर्यंत नेऊ नका. तळाशी किमान ३०-४० फूट गाळाला सोडा.

ओझर_पंपकर्व्ह

एक गोष्ट राहतेय, आणि कमी पाण्याच्या खोल बोअरमध्ये पंप खराब व्हायला हीच कारण ठरते. सकाळी मोटार चालू होते तेव्हा पाणी १५० वर असतं. त्या वेळी हेड फक्त ५५ मीटर. १४५ मीटरसाठी बांधलेला पंप ५५ मीटरवर चालला की पाणी तक्त्याच्या शेवटच्या रकान्याच्याही पुढे जातं. तिथे इंपेलर खाली बसण्याऐवजी वर उचलले जातात. वरच्या वॉशरवर घासून प्लास्टिकचे इंपेलर काही महिन्यांत झिजतात, आणि लोक म्हणतात पाण्यात रेती होती.

उपाय सोपा आहे. बोअरच्या तोंडाशी गेट व्हॉल्व्ह बसवा. बोअर भरलेलं असताना मोटार चालू करा, ड्रमने मोजून पाणी तासाला १५००-१६०० वर आणा आणि व्हॉल्व्हचं चाक काढून ठेवा. २०० लिटरचा ड्रम साडेसात-आठ मिनिटांत भरला म्हणजे बरोबर. पातळी खाली गेली की पाणी आपोआप कमी होईल.

पण आधीच घेतलेली ५ एचपी मोटार व्हॉल्व्ह आवळून ४०० लिटरवर आणायची म्हणाल तर ते करू नका. एवढ्या कमी पाण्यावर पंपातलं पाणी आतल्या आत घुसळत तापतं, थ्रस्ट बेअरिंगवर पूर्ण भार येतो, आणि लाईट जळते ती वेगळीच. बायपास करून पाणी परत बोअरमध्ये सोडणारेही आहेत. त्याने कडा धुतल्या जाऊन गाळ वाढतो.

येवला_कोरडवाहू

आमच्याकडे अशा बोअरला कॉम्प्रेसर पंप लावतात. खाली फिरणारं काहीच नाही, पाणी तुटलं तरी जळायचं काही नाही. तो का नको?

पाणीमोजणी

गाळाच्या बोअरला तो चांगला, हे मान्य. पण हवेने पाणी उचलायचं तर नळीचा बराच भाग पाण्यात बुडालेला लागतो, साधारण ४० टक्क्यांच्या वर. नळी ४८० पर्यंत सोडली आणि पातळी २९० वर आली की बुडालेला भाग १९० फूट, म्हणजे ४० टक्के. तिथून खाली पाणी येणं थांबत जातं. म्हणजे झरा पूर्ण जोराने यायला लागतो नेमका त्याच वेळी तुमचा उपसा बंद. शिवाय तेवढ्याच पाण्याला वीज कितीतरी जास्त लागते, आणि कॉम्प्रेसरचं तेल पाण्यात उतरू शकतं. घरी पिणार असाल तर विचार करा.

जेटचा विषय तर नकोच. वरून ओढणाऱ्या पंपाला आपल्याकडच्या उंचीवर सात मीटरच्या आसपासच प्रत्यक्ष ओढ मिळते. दोन पाइपांचा जेटसुद्धा एवढ्या खोलीला पुरणार नाही.

स्टार्टर_पेटी

विजेकडे येतो. केबल बोअरमध्ये १३५ मीटर आणि पेटीपर्यंत ६५, एकूण २०० मीटर धरू. २ एचपी सिंगल फेज घेतली तर करंट ११-१२ अँपिअर. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये ३४ व्होल्ट वाटेतच जातात. उन्हाळ्यात खांबावर १९० मिळत असतील तर मोटारीला दीडशेच्या थोडेच वर पोचतात. मोटार घुं घुं करून बसते आणि जळते. चार चौरसची टाकली तरी २१ व्होल्ट जातात.

तीच २ एचपी थ्री फेज घ्या. करंट चार-सव्वाचार अँपिअर, अडीच चौरसच्या केबलमध्ये ११ व्होल्ट जातात, तेही ४१५ मधले. तुमच्याकडे थ्री फेज आहे, तर दुसरा विचार करू नका.

पेटीत हे हवं: ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या करंटला लावलेला, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार तोडणारा), आणि ड्राय रन (पाणी तुटल्यावर मोटार कोरडी चालू न देणारा). ड्राय रनचे दोन प्रकार. एक सेन्सरचा: बोअरमध्ये दोन इलेक्ट्रोड, खालचा पंपाच्या जाळीच्या १० फूट वर. दुसरा विनासेन्सर: करंट किंवा पॉवर फॅक्टर पडला की मोटार तोडतो. सिंगल फेज छोट्या मोटारीत पाणी तुटल्यावर करंट फारसा पडत नाही, म्हणून तिथे पॉवर फॅक्टर बघणाराच घ्या. थ्री फेजला दोन्ही चालतात. बसवताना पाणी चालू असतानाचा करंट आणि तुटल्यावरचा करंट लिहून घ्या, सेटिंग दोन्हींच्या मध्ये ठेवा.

ऑटो स्विच लावणार असाल तर त्यात वेळ ठेवा. लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपीवरचा व्होल्टेज त्याच मिनिटाला सगळ्यात कमी असतो. दोन-तीन मिनिटांनी उठू द्या.

पूर्व_सिन्नर

सेन्सरचा घेतो. वरचा इलेक्ट्रोड किती फुटांवर?

पाणीमोजणी

३३० वर. १५० किंवा २०० वर नको. पहिला साठा संपल्यावर दिवसभर पातळी २९० च्या खालीच खेळती ठेवा, म्हणजे झरा मोकळा राहतो. खालचा ४२५, वरचा ३३०. मध्ये ९५ फूट, म्हणजे सव्वासहाशे लिटर. भरायला दीड तास, उपसायला पाऊण तास. आठ तासांत मोटार तीन-चार वेळाच उठेल.

फक्त लाईट जायच्या आधी बोअर रिकामं झालं पाहिजे, नाहीतर त्या दिवसाचा साठा गेला. टायमर असेल तर शेवटच्या तासाला पाणी तुटेपर्यंत चालू द्या.

बोअर_फिटर

दोन गोष्टी दगडाच्या बाजूने.

एक, तुमचा झरा पंपाच्या वर आहे. पाणी २९० वरून खाली पडतं आणि थेट जाळीत शिरतं, मोटारीवरून वाहतच नाही. मोटार पंपाच्या खाली असते, तिला गार करायला पाणी खालून वर जायला हवं. ३ एचपी आणि वरच्या मोटारीला तर हे लागतंच, २ एचपीलाही मी सोडत नाही. १२५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, जाळीच्या वर आवळून बसवा आणि मोटारीच्या तळाच्या खाली फूटभर येऊ द्या. पाणी खालून शिरतं, मोटारीला घासून वर जातं. दुसरा फायदा, वरून पडणाऱ्या पाण्यासोबत हवेचे बुडबुडे येतात, ते बाहेरच राहतात. नाहीतर पंप हवा धरतो, आणि पातळी असतानाही पाणी तुटतं.

दोन, २१० चा लाल मातीचा थर उघडा आहे. तुमची पातळी रोज त्याच्या वरून खाली आणि खालून वर जाणार. ओलं-कोरडं होऊन ती माती फुगते आणि सुटते. आज ना उद्या मोटारीवर ढिगारा बसेल, मग ती निघत नाही. मोटार सोडायच्या आधी आतून ५ इंची, १४० मिलिमीटर बाहेरील व्यासाचं, फ्लश जॉइंटचं केसिंग सोडा. २०० ते २३० पर्यंत बिनचिरेचं, २८० ते ३०० आणि तळाच्या भागात चिरा पाडलेलं. ४ इंची पंप त्यातून आरामात जातो. मोटारीभोवतीची जागा अरुंद होते, म्हणून २८० च्या चिरा टाळून फक्त पंपाच्या खालीच चिरा ठेवल्या तर मोटार गार करायला वरचा १२५ मिलिमीटरचा वेगळा पाइपही लागत नाही.

केसिंगवाला म्हणेल साडेचार इंचीच बसेल, तर ३ इंची पंप घ्यावा लागेल. त्याची कार्यक्षमता कमी असते. त्यामुळे आधी केसिंगचं ठरवा, पंप त्यानंतर घ्या.

देवळा_डाळिंब

कॉलम पाइपाऐवजी एचडीपीई काळा पाइप चालेल का? उतरवायला सोपा.

बोअर_फिटर

चालेल, पण किलो (पाइप किती दाब सोसतो ते) बघून. पंपापाशी १४-१५ किलोचा दाब असतो, टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना चालू झाला तर २० च्या पुढे. ६ किंवा १० किलोचा पाइप पंपाजवळच फाटतो. १६ किलोचा, आयएस ४९८४ छाप असलेला घ्या आणि टाकीकडचा व्हॉल्व्ह कधी बंद करू नका. पाण्याने भरलेल्या पाइपाचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं, म्हणून स्टीलचा दोर वेगळा बांधा, पाइपावर भरवसा नको. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पंपावर एक, दुसरा वर २०० फुटांवर. केबल दर १० फुटांना बांधा, ताण न देता. मोटार खाली गेल्यावर मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. २ मेगओहमच्या वर आला तरच जोडणी करा.

चालू केल्यावर पाणी कमी वाटलं तर आधी स्टार्टरमध्ये कोणत्याही दोन वायरी बदलून बघा. उलटी फिरणारी मोटारही थोडंफार पाणी देते, म्हणून चूक लक्षात येत नाही.

ओझर_पंपकर्व्ह

सोलरचा विचार कोणी करत असेल तर. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी मिळतो, पण अर्ज करताना हेड तपासा. सेंट्रिफ्युगल पंपाचं हेड वेगाच्या वर्गाने पडतं. ढग आला, वेग ८० टक्क्यांवर आला की हेड ६४ टक्के. १४५ मीटरवरून पाणी वर येतच नाही, मोटार नुसती फिरते. अशा बोअरला स्क्रू पंप, ज्याला हेलिकल रोटर म्हणतात, तो उत्तम. वेग कमी झाला की पाणी त्या प्रमाणात कमी होतं, पण येत राहतं. पातळी १५० असो की ४३०, पाणी जवळपास तेवढंच. त्याचा रबरी स्टेटर मात्र कोरडा चालला तर काही मिनिटांत जातो. म्हणून ड्राय रन दुप्पट काळजीने लावा.

आणि सोलरवर दिवसभर तासाला ५००-६०० लिटर संथ उपसा होतो. कमी पाण्याच्या बोअरला यासारखं काही नाही.

पूर्व_सिन्नर

ठरलं मग. आधी ५ इंची केसिंग, मग २ एचपी थ्री फेज, ४४० ला. ठिबक थेट मोटारीवर जोडू की टाकीवरून?

पाणीमोजणी

टाकीवरूनच. ठिबकला एक-दीड किलो दाब सतत लागतो, आणि बोअरची मोटार पाऊण तासाने बंद होणार. टाकीतून अर्धा-एक एचपीचा वरचा पंप लावा, फिल्टर त्याच्या पुढे. पहिले आठ दिवस लाल पाणी येईल. तोवर नळी टाकीबाहेर सोडा.